जाब आणि विचारपूस : पंडिता रमाबाई, सिस्टर जेराल्डिन आणि मिस बील

आमचा चौघी ख्रिस्ती बायकांचा एक प्रार्थनागट होता. दर शनिवारी सकाळी कुणा एकीच्या स्वयंपाकघरात जमायचो. कुठल्याशा शिबिरातून आलेला एक कागद प्रत्येकीच्या फ्रिजवर चिकटवलेला होता. या आठवड्यात वचन वाचलंस का? पैशाच्या व्यवहारात खरी वागलीस का? कुणाच्या पाठीमागे काही बोललीस का? आणि शेवटी, वरच्या प्रश्नांची उत्तरं खरी दिलीस का? सात महिने हे बरं चाललं. मग एका शनिवारी आमच्यातल्या एकीने नवऱ्याच्या डोक्यावरच्या कर्जाची गोष्ट सांगितली. पंधरा दिवसांत ती मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वडीलवर्गापर्यंत (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपर्यंत) ‘प्रार्थनेचा विषय’ होऊन पोचली. गट तिथेच संपला. कागद मात्र माझ्या फ्रिजवर बरेच दिवस तसाच होता.

आपल्याकडे ‘अकाउंटेबिलिटी’ला उत्तरदायित्व म्हणतात, म्हणजे छापतात. बोलताना हा शब्द कुणी वापरत नाही. बोलण्यात दोनच गोष्टी येतात : जाब विचारणं आणि विचारपूस करणं. दोन्हींत प्रश्नच असतात, कधीकधी अगदी तेच प्रश्न असतात. तरी एकीने माणूस दार लावून घेतो आणि दुसरीने उघडतो. हा फरक नेमका कुठे पडतो, हे शोधताना मी एका जुन्या प्रकरणाशी येऊन थांबले. ते घडलं इंग्लंडात, पण त्यातली मुख्य बाई आपली आहे. शिवाय सगळा व्यवहार पत्रांतून झालेला असल्यामुळे कोण काय म्हणालं हे शंभरेक वर्षांनंतरही वाचता येतं.

कोण, कुठे, कशासाठी

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण. मुक्काम वाँटेज या गावी, सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या) धर्मभगिनींच्या मठात. याच संघाच्या भगिनी पुण्यातही काम करत होत्या, ओळख तिथलीच. व्यवहार सरळ होता : मठाने राहण्या-जेवणाची सोय करायची, रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचं. प्रवासखर्चाचा काही भार त्यांच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीने उचलला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या भांडणात ‘आम्ही तिला पोसतो’ हा सूर डोकावतो. रमाबाई स्वतःला तिथे पोसलेली समजत नव्हत्या.

धर्म बदलण्याचा विचार नाही, असं पुण्यात सांगून त्या निघाल्या होत्या. तरी २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या चर्चमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी आनंदीबाईंनी विष घेऊन जीव दिला होता. आपल्याला जबरदस्तीने बाटवतील या भीतीने त्या भ्रमिष्टासारख्या झाल्या आणि आधी रमाबाईंचाच गळा दाबायला धावल्या, असं संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलरने लिहून ठेवलं आहे. या घटनेनंतर ऑक्सफर्डला त्याच्या घरी राहायला गेलेल्या रमाबाई इतक्या हादरलेल्या होत्या की रात्री त्यांच्या खोलीत एका मोलकरणीला झोपवावं लागे.

बाप्तिस्म्याच्या चर्चेत हा प्रसंग एका वाक्यात उरकला जातो, आणि मला ते खटकतं. परक्या मुलखात मराठीत बोलायला जे एकमेव मोठं माणूस होतं तेच गेलं. त्यानंतर रमाबाईंच्या मनात जे काही चाललं असेल ते त्यांना नवशिक्या इंग्रजीत, आपल्यापेक्षा वरच्या जागी बसलेल्या बायकांना सांगावं लागत होतं.

अशा दोन बायका महत्त्वाच्या ठरल्या. पहिली सिस्टर जेराल्डिन. रमाबाईंच्या आत्मिक वाढीची देखरेख मठात तिच्याकडे होती. रमाबाई तिला पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. दुसरी डोरोथिया बील, चेल्टनहॅम लेडीज कॉलेजची प्राचार्य. १८८४ मध्ये रमाबाई तिथे गेल्या, संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतःही शिकू लागल्या. बील त्या वेळी पन्नाशी ओलांडलेली होती आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ ते कॉलेज चालवत होती.

वाद कशावरून झाले

पहिला वाद शिकवण्याचा. चेल्टनहॅममध्ये रमाबाईंनी काही पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विचार निघाला. बिशपांचं मत मागवलं गेलं. लाहोरचे आणि मुंबईचे बिशप विरोधात गेले. पुरुषांना शिकवलेलं कळलं तर हिंदुस्थानातल्या बायकांमध्ये तिची पत राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हे कुणाला सांगत होते ते? जिने कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत बोलून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवली होती आणि गावोगाव पुरुषांपुढे पुराण सांगितलं होतं, तिला. १८८५ च्या मे महिन्यात रमाबाईंनी बीलला लिहिलं त्याचा आशय असा : माझ्या आईने किंवा मी तरुण पुरुषांना शिकवण्याला माझ्या वडिलांची हरकत नव्हती, माझ्या पतीचीही नव्हती, आता काही इंग्रज मंडळी हरकत घेतात याचं मला नवल वाटतं.

जेराल्डिनने आज्ञापालनाचा मुद्दा काढला. वडीलधाऱ्यांनी ठरवलं, आता मुकाट मान. त्यावर त्याच महिन्यात रमाबाईंचं उत्तर गेलं. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे हे खरं, पण पाळकाच्या वा बिशपच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. देवाच्या वचनाची आज्ञा पाळणं वेगळं आणि पुरोहितांची पाळणं वेगळं. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने आत्ताच मानेवरून उतरवलं आहे, दुसरं तसलंच जू लगेच चढवून घ्यायची माझी तयारी नाही.

दुसरा वाद सिद्धांताचा. त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा रमाबाईंच्या गळी उतरत नव्हता. प्रेषितांचा मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) त्यांना मान्य होता, पण अथानासियसच्या नावाने म्हटला जाणारा लांबलचक मतांगीकार मान्य नव्हता. मनोरमाला या गोष्टी शिकवू नयेत, असंही त्यांनी सांगितलं. जेराल्डिनच्या दृष्टीने हा कहर होता. बाप्तिस्मा घेतला, त्या वेळी कबुली दिली, आणि आता ही बाई हिशेब उघडून बसली.

तिसऱ्या वादाला वाद म्हणावं की नाही कळत नाही, पण सगळ्यात जास्त शाई बहुधा त्याच्याच आसपास सांडली. खाणं, कपडे, सवयी. रमाबाई शाकाहारी राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कोरण्याऐवजी संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. जेराल्डिनला या सगळ्यात जातीचा अभिमान दिसत होता, गर्व दिसत होता, आणि ख्रिस्ती जीवनात गर्व हे मूळ पाप. म्हणून तिने तो ताटातही शोधला. रमाबाईंचं उत्तर वाचताना हसू येतं आणि पोटात कालवतंही. तुम्हाला माझा गर्व ‘पाय’ नावाच्या इंग्रजी पक्वान्नात नि पुडिंगात, लोण्या-दुधात, पाण्या-भातात, बूट-मोज्यांत आणि मी रोज जाळते त्या ढीगभर कोळशातसुद्धा सापडत असेल तर खुशाल शोधा, असं त्या लिहितात. पुढे म्हणतात, तुम्ही ज्यांना जातीचे पूर्वग्रह म्हणता त्यांतून मी पूर्ण सुटलेली नाही, हे कबूल. पण एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये जाऊन राहिली आणि शेजाऱ्याला त्रास होत नसताना तिने आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं आवडेल का?

इंग्लंडच्या थंडीत जास्त कोळसा जाळणं! कर्नाटकातल्या रानात जन्मलेल्या बाईचं हे पाप.

दोघींत फरक काय होता

बील मऊ होती आणि जेराल्डिन कठोर, असं म्हणून मोकळं होता येईल. मला ते पटत नाही. बीलचे प्रश्न अवघड होते. त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या देवपणावर ती रमाबाईंशी पानंच्या पानं लिहून वाद घालत होती, आणि तिची स्वतःची मतं चर्चच्या शिकवणुकीला धरूनच होती. निष्कर्षाच्या बाबतीत दोघींत फारसं अंतर नव्हतं. रमाबाईंनी अखेर तिथेच यावं, ही दोघींचीही इच्छा होती.

फरक पडला तो दुसऱ्या तीन ठिकाणी, असं मला वाटतं.

बील उत्तरही देत असे. रमाबाईंनी विचारलं की ती स्वतःच्या श्रद्धेची मांडणी करून दाखवी, आपण कशाकशाशी झगडलो ते सांगे. जेराल्डिनच्या बाजूने प्रश्न येत, पण तिला कुणी प्रश्न विचारलेला तिच्या हिशेबात बसत नसे, तो उद्धटपणा ठरे. प्रेषित याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात ‘आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा’ असं आहे. त्यातला ‘एकमेकांजवळ’ हा शब्द आमच्या मंडळ्यांत नेहमी गाळला जातो. तरुणाने वडिलांजवळ, सुनेने सासूजवळ, सभासदाने पाळकाजवळ. उलट दिशेने कबुली जाताना मी तरी पाहिलेली नाही.

दुसरं, समोरची बाई कशी विचार करते हे बीलने ओळखलं होतं. रमाबाईंना ख्रिस्ती धर्म केवळ ऐतिहासिक साक्षात्कार म्हणून देऊन चालणार नाही, तत्त्वज्ञान म्हणून त्यांना तो तपासू द्यावा लागेल, त्यांच्या विवेकाला तो पटावा लागेल, असं तिचं मत होतं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीला आणखी कसं शिकवणार? तिने आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करत, आईकडून संस्कृत घोकत वय काढलेलं. तिच्या लेखी शंका विचारणं हाच आदर. जेराल्डिनला प्रत्येक शंकेत बंड दिसलं.

तिसरं कारण मी थोडं कचरत लिहिते, कारण ते आमच्या गटालाही लागू आहे. जेराल्डिनच्या मागे संस्था उभी होती. रमाबाई तिला जे सांगत ते वर जाणार, मठाच्या प्रमुखांकडे, बिशपांकडे. बीलनेही बिशपांचं मत विचारलं होतंच, आणि तेव्हा तिलाही ठणकावणारं पत्र मिळालं. पण तिच्याशी झालेला शंकांचा पत्रव्यवहार रमाबाईंच्या हातात होता. तो कुठल्या निकालासाठी चालला नव्हता. निकाल ठरवायचा असला की माणूस खरं बोलत नाही, बचाव करतो. पुडिंगच्या पत्रात बचावच आहे, कितीही फर्डा असला तरी. बीलला लिहिलेल्या पत्रांत गोंधळ आहे, शोध आहे.

जेराल्डिनची बाजू

हे प्रकरण वाचणारे बहुतेक जण जेराल्डिनला खलनायिका करून टाकतात. साम्राज्याचा अहंकार, गोऱ्या बाईचा तोरा. तो होताच. पण ती एका गोष्टीत चुकली नव्हती. रमाबाईंच्या श्रद्धेत काहीतरी कमी आहे, नुसता बुद्धीचा होकार आहे, असं तिला सतत वाटत राहिलं. आणि पुढे रमाबाईंनी आपल्या साक्षीत, १९०७ साली, स्वतःच जवळपास हेच लिहिलं : मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं गेली.

म्हणजे निदान बरोबर, औषध चुकीचं. खरी मैत्रीण मनाला लागेल असं बोलते. नीतिसूत्रांच्या २७ व्या अध्यायात मित्राच्या हातच्या जखमा विश्वासाच्या म्हटल्या आहेत. पण जेराल्डिनने जखम भलत्याच जागी केली. श्रद्धेतलं पोकळपण दाखवायचं सोडून ती भातावर आणि मोज्यांवर बोलत राहिली. मोठं सांगायचं अवघड असतं तेव्हा आपण बारीकसारीक काढतो. सासवा करतात, पाळक करतात, मीही मुलीच्या बाबतीत करते.

आणखी एक. रमाबाईही सोप्या नव्हत्या. त्यांच्या पत्रांत धार आहे, कधी समोरच्याला नाहक टोचणारी. जाब विचारणाऱ्या बाईला उत्तर देता देता विचारपूस करणाऱ्या बाईशीही त्या क्वचित तसंच बोलल्या.

पुण्यातलं उघडं दार

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. तिथे १८८७ साली बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. अट अशी की विधवांची ही शाळा धर्मप्रसारासाठी नाही. हिशेब आणि अहवाल दरवर्षी बॉस्टनला जात. इथे सल्लागार म्हणून रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं होती.

वाँटेजमध्ये जाबाला इतकी भडकलेली बाई आता हिशेब कसा देते, ते पाहण्यासारखं आहे. ती पहाटे आपल्या खोलीत लेकीबरोबर बायबल वाचून प्रार्थना करी. दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पुण्यात आरडाओरडा झाला. दार लावून प्रार्थना केली असती तर कदाचित वादळ टळलं असतं. रमाबाईंनी दार लावलं नाही, आणि आपण काय करतो ते लपवलंही नाही. तुम्ही आपल्या मुलींना आपल्या देवाची पूजा करू देता, मग मी माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना का लपून करावी, असा त्यांचा सवाल होता. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळाने राजीनामा दिला, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. बॉस्टनची मंडळी मात्र त्यांच्यामागे उभी राहिली.

सल्लागारांचा राजीनामा मला समजतो. त्यांच्या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या, त्यांनाही कुणाला तरी तोंड दाखवायचं होतं. पण शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, जी त्याच वर्षी मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाली, ती सदनात राहून हिंदूच राहिली होती, हेही त्याच दाराआडचं, म्हणजे उघड्या दाराचं, खरं आहे.

या काळात रमाबाईंजवळ सुंदराबाई पवारांसारखी सहकारी होती, मराठी बोलणारी, स्वतः ख्रिस्ती, बरोबरीने काम करणारी. वाँटेजमध्ये आनंदीबाई भगत गेल्यावर जी जागा रिकामी झाली ती इतक्या वर्षांनी भरली, असं मी मनाशी जुळवते. पुरावा म्हणून नाही. वाचणाऱ्याचा हट्ट म्हणून.

पत्रं कुणी ठेवली

या प्रकरणातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त विचारात पाडते ती शेवटी कळली. जेराल्डिन आणि रमाबाई यांचा पत्रव्यवहार तुटला नाही. पुढची कित्येक दशकं तो चालू राहिला. आणि हा सगळा संग्रह, बीलची पत्रं, बिशपांची पत्रं, रमाबाईंची फटकळ उत्तरं, गोळा करून लावून ठेवला तो जेराल्डिनने. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला तो खंड महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली छापला. आज जेराल्डिनवर जी टीका होते तिचा जवळजवळ सगळा मालमसाला तिच्याच हातचा आहे. पाय-पुडिंगचं पत्र ती चुलीत घालू शकली असती. तिने ते तारखेसकट ठेवलं.

ते पत्र वाचल्यावर काही दिवसांनी मी आमच्या गटातल्या त्या बाईकडे गेले, जिच्या नवऱ्याचं कर्ज सगळ्या मंडळीला कळलं होतं. कुणी फोडलं याची चौकशी तेव्हा झाली होती आणि कुणीच कबूल झालं नव्हतं. मी तिला सांगितलं की मी त्या शनिवारी घरी येऊन नवऱ्याजवळ बोलले होते, आणि त्याचा मावसभाऊ वडीलवर्गात आहे.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ठाऊक होतं गं मला. तू कधी येतेस ते बघत होते.”

मग थोड्या वेळाने तिने विचारलं, “तुझं काय चाललंय?” मी रडेपर्यंत तिने मेथीची जुडी संपवली होती. दुसरी जुडी तिने माझ्यापुढे सरकवली.